ठमीच्या फ्रॉकचा पत्ता

पार्सल परत आलं तेव्हा टाचणीमावशी एका जाडजूड गृहस्थाच्या पँटची कंबर सैल करत बसली होती. तोंडात चार टाचण्या. नाव तिला त्यावरूनच पडलं. काम चालू असलं की टाचण्या ओठांत धरायच्या आणि तोंडाच्या कोपऱ्यातून बोलायचं, ही चाळीस वर्षांची सवय. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, टाचण्या तोंडात आहेत तोवर मावशीला काय वाट्टेल ते ऐकवावं. एकदा का त्या डबीत पडल्या, की आपल्याला घरी काम आहे असं म्हणावं आणि निघावं.

पोस्टमनने पार्सल उंबऱ्याशी ठेवलं. मावशीने बघितलं. मग एकेक टाचणी काढून डबीत टाकली. पोस्टमन शहाणा, तो जिना उतरायलाही लागला.

"अडीच महिने!" मावशी म्हणाली. "अडीच महिने हे गाव हिंडलं आणि माझ्याच दारात येऊन बसलं!"

आतून तिचे यजमान आले. त्यांना सगळे काका म्हणत. काकांनी आयुष्यभर लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचले, आणि निवृत्त झाल्यावर वाचण्यासारखं काही उरलं नाही म्हणून हाताला लागेल ते वाचत. त्यांनी चष्मा पुसून पार्सल उलटंसुलटं केलं.

"दोन शिक्के आहेत. एक आपला, एक त्यांचा. आणि हा एक हात काढलाय, बोट आपल्या घराकडे करून."

"म्हणजे काय?"

"म्हणजे, 'जिथून आलास तिथे जा.'"

"मला अक्कल शिकवू नका, वाचून दाखवा!"

"अगं, तेच वाचलं."

आत एक फ्रॉक होता. ठमीचा.

ठमी म्हणजे वरच्या मजल्यावर तीन वर्षं राहून गेलेल्या परदेशी जोडप्याची लेक. बाप पुलाच्या कामावर आलेला. पूल झाला, बिऱ्हाड गेलं. पोरीचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गल्लीने आपल्या सोयीचं ठेवलं. दोन वर्षांची असताना आली, पाच वर्षांची होऊन गेली. बोलायला शिकली ती याच जिन्यात. त्यामुळे भांडायची आपल्या भाषेत आणि रडायची तिच्या आईच्या.

तिच्या पाठीचा कणा जन्मापासून एका अंगाला कललेला. उजवा खांदा डाव्याच्या दोन बोटं वर, आणि अंगावर दिवसरात्र प्लास्टिकचं कवच. दुकानातला फ्रॉक घातला की एकीकडे गळा घसरायचा, दुसरीकडे बटणं ताणायची, आणि एवढी गोड पोर कोंबून भरलेल्या पिशवीसारखी दिसायची. मावशीने पहिल्याच दिवशी तिच्याभोवती टेप फिरवली आणि तिच्या आईला सांगितलं, "ही एक मुलगी नाहीच. डावीकडे एक आहे, उजवीकडे दुसरी. दोघींची मापं वेगळी घ्यायची, वेगळं कापायचं, आणि मधे समेट करायचा." त्या आईला किती कळलं देव जाणे. पण फ्रॉक अंगात गेला तेव्हा कवच कुठे आहे ते शोधावं लागलं. आई जिन्यातच बसून रडली. मावशी म्हणाली, "रडताय काय, बटणं लावा."

ते तिकडे गेले तरी मापं येत राहिली. आई मोबाइलवर आकडे पाठवायची, मावशी शिवून ठेवायची, आणि इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून फ्रॉक जायचा. यंदा येणारं कुणी नव्हतं. आणि यंदाच नड होती. ठमी आठ वर्षांची झाली होती, शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता. गेल्या वर्षी ती मागच्या रांगेत, एवढ्या दिव्यांच्या उकाड्यात, लोकरीचा कोट घालून उभी राहिली होती, कवच दिसू नये म्हणून. यंदा तिने आईला बजावलं होतं: टाचणीमावशीचा फ्रॉक आला तर पुढच्या रांगेत उभी राहीन, नाही आला तर घरीच बसेन.

म्हणून मावशीने पोस्टाने पाठवलं होतं. पत्ता त्यांच्याच लिपीत हवा, कारण त्यांचं गाव आडबाजूचं आणि तिथल्या पोस्टमनला दुसरी लिपी येत नाही, असं आईने आधीच कळवलेलं. मावशीला आपलीच लिपी बेताची. शाळा चौथीत सुटली. पण नक्षी उतरवायला शाळा कशाला लागते? मोबाइल समोर उभा करून तिने तो पत्ता कापडी पाकिटावर चार तास खपून काढला होता. देशाचं नाव आणि फॉर्म तेव्हा पोस्टाच्या खिडकीवरच्या बाबूनेच विचारून भरला होता.

आता तिने परत आलेल्या पाकिटाचा फोटो ठमीच्या आईला पाठवला. उत्तर आलं. तिने इथे राहून शिकलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलं होतं, काकांनी मोठ्याने वाचलं:

"मावशी, फार सुंदर. पण हे एक पण अक्षर नाही."

"अक्षर नाही म्हणजे? जसंच्या तसं काढलंय!"

काकांनी मोबाइल आणि पाकीट शेजारी शेजारी धरले. मीटर वाचणाऱ्याची नजर ती. "अगं, इथे ही रेघ सुटी आहे. तू पुढच्याला जोडलीस. हीपण. आणि हीपण."

"सुटी टोकं लोंबत होती ती! मी तशीच ठेवू?"

चाळीस वर्षं जिने कुठे दोरा लोंबलेला दिसला की गाठ मारली, तिने पत्त्यालाही गाठी मारल्या होत्या. त्या देशातल्या लोकांनी कौतुकाने बघितलं असेल आणि बोट दाखवून परत पाठवलं असेल.

हिशोब सरळ होता. कार्यक्रमाला सात आठवडे. पार्सल पोचायला पाच. परत आलेला फ्रॉक आता ठमीला काखेत काचणार, म्हणजे नवा शिवायला हवा. नवी मापं आली, आणि फ्रॉक चौथ्या दिवशी तयार होऊन हँगरला लागला. निळा, उजव्या खांद्यावर आतून पातळ गादी.

आणि मग पत्ता. हाताने काढायचा नाही हे ठरलं. छापायचा.

"त्यात काय एवढं!" काका म्हणाले. "मुलाचा प्रिंटर आहे ना कपाटावर."

मुलगा नोकरीच्या गावी गेला तेव्हा प्रिंटर मागे राहिला होता. मावशीने त्याला झालरीचं कव्हर शिवलं होतं, त्यामुळे तो चार वर्षं एखाद्या म्हाताऱ्या नवरीसारखा कपाटावर बसून होता. काकांनी खाली उतरवला, तार लावली, बटण दाबलं. तो कण्हला, खाकरला, एक कागद आत ओढला आणि बाहेर दिला तो जसा होता तसा. कोरा.

"शाई वाळली," काका म्हणाले.

"मग भरा."

काका विचारून आले आणि खुर्चीत बसले. "शाईची डबी प्रिंटरपेक्षा महाग आहे."

"असं कसं? सुई मशीनपेक्षा महाग असते का कुठे?"

"या धंद्यात असते."

मावशीने प्रिंटर पुन्हा कपाटावर चढवला. कव्हर घातलं नाही. एवढी शिक्षा पुरे.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. भला माणूस, पण दिवसभर लोकांचे दाखले छापून छापून त्याच्या चेहऱ्यावरही शिक्का बसल्यासारखा झाला होता. त्याने मोबाइलवरून पत्ता उचलून आपल्या कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि कागद काढून दिला. कागदावर चौकोन. चार ओळी, नुसते चौकोन, बाथरूमच्या फरशीसारखे.

"हे काय, भाऊ?"

"मावशी, आमच्या कॉम्प्युटरला ही अक्षरं येत नाहीत. येत नसलं की तो चौकोन काढतो."

"मग शिकवा की त्याला."

"शिकवायला तो काय पोपट आहे? फॉन्ट टाकावा लागेल. मालकाला विचारावं लागेल. मालक बाहेरगावी."

"कधी येणार?"

"येतील."

त्या एका शब्दावर मावशीचे तीन दिवस गेले. मालक आले, त्यांनी काहीतरी टाकलं, चौकोन गेले आणि प्रश्नचिन्हं आली. तोपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाने एकेक सल्ला देऊन टाकला होता. कुणी म्हणे लेबलांच्या छपाईला मोठ्या प्रेसमध्ये जा. प्रेसवाला म्हणाला, हजाराच्या खाली छापत नाही. "हजार लेबलं? ती पोर म्हातारी होईपर्यंत पुरतील," मावशी म्हणाली आणि आली तशी परत फिरली. पाय दुखत होते, पँटींचा ढीग तसाच होता, जाडजूड गृहस्थ दोनदा डोकावून गेले होते.

"कंबर कधी होणार, मावशी?"

"तुम्ही वाढायचे थांबलात की!" त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मग साबणवाली आठवली. समोरच्या घरातली ही शेजारीण घरी साबण करून लांब लांब पाठवते. तिच्याकडे मुठीएवढं छपाईचं यंत्र होतं, शाईबिई काही नको, चिकट कागदाच्या रोलवर मोबाइलमधून पत्ता उतरतो. मावशीला हे दहा दिवस आठवलं नाही याचाच तिला राग आला. साबणवालीने दोन मिनिटं मोबाइलशी खटपट केली आणि यंत्रातून लेबल सरकत आलं. काळंभोर, रेखीव, सगळी सुटी टोकं सुटीच.

"अगं बाई," मावशी म्हणाली. तिच्या तोंडून याहून जास्त कौतुक निघत नाही.

"जपा हां मावशी. रोलमधलं हे शेवटचं आहे. याच्या आधीचं वाकडं निघालं म्हणून फेकलं. नवा रोल मागवलाय, आठवडा तरी लागेल, आणि उद्यापासून मी पण प्रदर्शनाला चाललेय, यंत्र घेऊन."

"जपते गं. मी काय लहान आहे?"

घरी येऊन मावशीने नवीन कापडी पाकीट शिवलं. फ्रॉक घडी करून आत ठेवला, तोंड शिवलं, लेबल मधोमध चिकटवलं. काकांनी बघून मान डोलावली. मग मावशीने तेच केलं जे ती चाळीस वर्षं करत आली होती. तिच्या हातून जे शिवलेलं बाहेर जातं, रुमाल असो की कोट, त्याच्यावर शेवटची इस्त्री फिरल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाही. पाकिटाला जरा सुरकुत्या होत्या. तिने पाण्याचा हात मारला आणि इस्त्री फिरवली.

इस्त्री उचलली तर लेबल काळं. सगळंच काळं. अक्षर नाही, कागद नाही, तव्याचं बूड.

मावशीने इस्त्री उभी केली. वायर काढली. काका पेपरामागून बघत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की टाचण्या डबीत आहेत आणि तरी मावशी ओरडत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

"जळलं का?"

"जळलं नाही. काळं झालं."

काकांनी हात लावून बघितलं, खरवडून बघितलं. "शाई नाही म्हणाली होती ना ती? मग हा कागदच तापून काळा होत असणार. यंत्र जिथे चटका देतं तिथे अक्षर. तू सगळीकडे दिलास."

"आत्ता सांगताय?"

"तू इस्त्री करशील हे मला काय माहीत?"

"चाळीस वर्षं संसार केलात, मी इस्त्री करेन हे माहीत नाही?"

काकांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

त्या दिवशी मावशी जेवायला बसली नाही. डोळ्यांपुढे एकच: मागच्या रांगेतला लोकरीचा कोट. फ्रॉक पाठवायला हाताशी असलेल्या दोन आठवड्यांतले तीन दिवस उरले होते. एवढीशी चार ओळींची चिठ्ठी! अख्खा माणूस मापून कापडात उतरवते मी, आणि चार ओळी कागदावर उतरत नाहीत. साबणवालीच्या यंत्राला येतात, मोबाइलला येतात, आणि त्या झेरॉक्सवाल्याच्या एवढ्या मोठ्या खोक्याला येत नाहीत. त्याला म्हणे अक्षरं ओळखता येत नाहीत. अहो, मलाही येत नाहीत. पण मला दिसतात तर खरी!

ती एकदम उठली. चपला घातल्या.

"कुठे?" काकांनी विचारलं.

"त्याला सांगायला, की वाचू नको म्हणून."

झेरॉक्सवाला दुपारनंतरचं दुकान उघडून नुकता टेकला होता. मावशीला बघून पुन्हा उभा राहिला.

"भाऊ, परवा एक बाई आल्या होत्या, नातवाचा फोटो छापायला. तुमच्या कॉम्प्युटरला त्या नातवाचं नाव माहीत होतं का?"

"नाही हो."

"तरी छापला ना?"

"फोटोचं वेगळं असतं, मावशी."

"वेगळं नाही. माझ्या मोबाइलवर हा पत्ता दिसतोय. जसा दिसतोय तसा त्याचा फोटो घ्या. तो फोटो छापा. तुमच्या यंत्राला म्हणावं, तू वाचायच्या भानगडीत पडू नकोस. मीपण पडत नाही."

झेरॉक्सवाल्याने मावशीकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. मग मोबाइलची दोन बटणं एकदम दाबून पडद्याचा फोटो घेतला, तो कॉम्प्युटरवर उतरवला, कडा छाटल्या, एका पानावर आठ वेळा मांडला आणि साध्या पांढऱ्या कागदावर छापून दिला. एका कप चहापेक्षा स्वस्त. आठ पत्ते, स्वच्छ, एकासारखा एक.

"हे पहिल्या दिवशी का नाही केलंत?"

"तुम्ही पत्ता छापायचाय म्हणालात, मावशी. फोटो छापायचाय असं म्हणाला नाहीत."

मावशीने ओठ घट्ट मिटले. आत टाचण्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर तिने आधी एका लेबलावर पाणी शिंपडलं. नव्या कापडाचा रंग जातो का बघतात तसं. गेला नाही. मग दुसऱ्यावर इस्त्री टेकवली, मधे कापड ठेवून. काकांनी डोळे मिटून घेतले होते. त्यालाही काही झालं नाही. शेवटी पाकिटाचं तोंड उसवून फ्रॉक बाहेर काढला, तिसरं लेबल त्या काळ्यावर झाकून ठेवलं, वर जाड पारदर्शक प्लास्टिक धरलं, चारी बाजूंनी मशीन मारली आणि फ्रॉक आत घालून तोंड परत शिवलं. खळ सुटते, चिकटपट्टी सुटते. टाका सुटत नाही.

पोस्टातल्या बाईने पाकीट हातात घेऊन शिवणीवरून बोट फिरवलं.

"आजी, हे शिवलंय?"

"मावशी म्हण. हो, शिवलंय. चिकटवायला मी पाकीटवाली आहे का?"

"पण हे मला वाचता येत नाही. मी हे टाकू कुठल्या देशात?"

मावशी खिडकीवर वाकली. "ज्याला वाचायचंय त्याला येतं वाचता!"

"ते तिकडे गेल्यावर. इकडून निघायला देशाचं नाव मला कळेल असं हवं. खाली लिहा आणि हा फॉर्म भरा. आत काय आहे, वजन किती, सगळं."

काका पुढे झाले. जाड पेन घेतलं आणि मीटरच्या वहीत लिहायचे तसे एकेक अक्षर सुटं, ठळक, चौकटीत बसवल्यासारखं देशाचं नाव लिहिलं. मावशी खांद्यावरून बघत होती. एका अक्षराचं शेपूट लोंबत होतं. तिने हात मागे बांधून घेतले.

शिक्का बसला. पाकीट पोत्यात पडलं.

त्यानंतरचे दिवस मावशीने कसे काढले ते जाडजूड गृहस्थांना विचारा. त्यांची कंबर दोनदा चुकली. काका रोज पावतीवरचा नंबर मोबाइलवर टाकून वाचायचे. "निघालं." "विमानतळावर आहे." "विमानतळावरच आहे." "अजून विमानतळावरच." बारा दिवस ते विमानतळावरच होतं. "विमान चालत गेलं असतं तरी पोचलं असतं," मावशी म्हणाली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. पडद्यावर ठमी. निळ्या फ्रॉकमध्ये.

मावशीने चष्मा लावला. आधी खांदे बघितले. सरळ. कवच कुठे आहे ते शोधलं, सापडलं नाही. गळा जागेवर. मग नजर खाली गेली आणि ती ओरडली, "अगं, हे काय! गुडघे दिसतायत!"

"मी वाढले, मावशी!" ठमी म्हणाली. तिची आपली भाषा आता जरा अडखळत होती, पण भांडायला पुरेशी. "एवढी! आई म्हणते, तोकडा झाला. उद्या कोट घालून जायचं."

"कोट घालशील तर याद राख! आईला बोलव. आईला म्हणावं, खाली आतून बघ."

आई आली. बिचारीचे डोळे सुजलेले. तिने फ्रॉकचा घेर उलटा केला.

"चार बोटं कापड दुमडून ठेवलंय आत! वाढत्या पोरीचा फ्रॉक कुणी काठोकाठ शिवतं का? उसवा ते."

ठमीने आईला सांगितलं. आई घाबरून मान हलवू लागली. कापायचं? आत्ता? फाटलं तर?

"फाटत नाही. कापायचं नाही, उसवायचं. थांबा." मावशीने मोबाइल काकांच्या हातात दिला, दोरीवरून स्वतःचा परकर ओढला आणि मशीनसमोर बसली. "अहो, नीट धरा, हात हलवू नका, मीटर नाही वाचायचाय. ठमे, आईला म्हणावं, माझ्या हाताकडे बघ. एक टाका असा उचलायचा. कात्रीचं टोक. कट्. चार टाके सोडून पुन्हा एक. कट्. आता दोरा ओढा."

इकडे परकराची कड उसवली. तिकडे, ज्या घराचा पत्ता मावशीला अजूनही वाचता येत नव्हता त्या घरात, निळ्या कापडातून एक लांब दोरा सुटून आला. घेर खाली पडला. गुडघे झाकले.

"आता दोन बोटं दुमडा आणि हाताने टीप घाला. मशीन नाही ना? नसू दे. सुईत दोरा ओवा."

आईने ओवला. सहाव्या खेपेला. पहिला टाका घातला. मावशी मोबाइलच्या इतकी जवळ गेली की काचेवर वाफ धरली.

"हा टाका आहे? यातून मांजर जाईल! उसवा. परत घाला."

ठमी हसायला लागली आणि घेर हलला.

"तू हलू नकोस गं! उभी राहा सरळ. आणि आईला सांग, जवळ जवळ टाके. मला कुठे जायचं नाही, मी इथेच बसलेय."